केळी, कापूस आणि कॅमेरून

सासरी आल्यावर माझ्या तोंडून मोठ्याने निघालेला पहिला शब्द 'ऑफसाइड' हा होता.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. सन नव्वदचा जून. चोपड्याहून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव, मागे सातपुड्याची निळी रेघ, आणि घराच्या पायरीपासून थेट रेघेपर्यंत केळीच्या बागा. मी भुसावळची, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. माझे वडील लोको शेडमध्ये फिटर. त्यांना फुटबॉलचं वेड होतं. रेल्वेच्या मैदानावर सामना असला की मला सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन जायचे. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या बातम्या कापून ते एका जुन्या डायरीत चिकटवत, आणि त्या मला गोष्टी म्हणून वाचून दाखवत. इतर मुलींना राजाराणीच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या, मला उरुग्वेच्या.

सासरी हे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगी बघायला आल्यावर असलं काही कुणी विचारत नाही. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. बासष्ट वर्षांचे, ताठ, मोजकं बोलणारे. सुनेशी सासऱ्याने सरळ बोलायचं नाही अशी घरातली रीत. काही सांगायचं असेल तर ते सासूबाईंना, म्हणजे अक्कांना सांगत आणि अक्का मला. मी डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघरात असायचे, सोबत जाऊबाई. टीव्ही होता पुढच्या ओसरीवर, पुरुषांच्या बाजूला. काळापांढरा, लाकडी शटरचा.

त्या दिवशी बातम्या संपल्या आणि टीव्ही बंद करायचा राहून गेला. भाकऱ्या थापता थापता मला ओसरीवरून तो आवाज ऐकू आला. हजारो माणसं एकदम बोलत असतात तो. अंगावर काटा आला. इटलीतला वर्ल्डकप सुरू होतोय हे मला माहीत होतं, पण सासरी तो बघायला मिळेल हे मनातसुद्धा आलं नव्हतं. मी हात धुतले आणि दाराच्या चौकटीआड उभी राहिले. आबा, मोठे दीर आणि माझा नवरा असे तिघे बसले होते. काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं, पण बंद करायलाही कुणी उठत नव्हतं.

अर्जेंटिना आणि कॅमेरून. एक आधीचा विजेता, दुसरा असा देश की ज्याचं नाव समालोचकही जपून घेत होता. मधेच एक जण चेंडू घेऊन गोलपाशी पोचला आणि शिट्टी वाजली. मोठे दीर म्हणाले, सगळं बरं चाललेलं असताना याने शिट्टी का वाजवली. आबा म्हणाले, पंच त्यांचा माणूस दिसतो. आणि मी, पदर, चौकट, रीत सगळं विसरून म्हणाले, "ऑफसाइड."

तीन माना वळल्या. मी स्वयंपाकघरात पळाले आणि उगाचच एक भाकरी उलटवली, ती आधीच दोनदा उलटवलेली होती.

ओसरीवरून आबांचा आवाज आला, अक्कांना उद्देशून. "तिले इचार, ती काय म्हनस?"

अक्कांनी मला विचारलं. मी अक्कांना सांगितलं की चेंडू पुढे देताना, घेणारा माणूस समोरच्यांच्या शेवटच्या दोघांच्या पुढे असून चालत नाही. अक्कांनी ओसरीवर जाऊन सांगितलं की कुणीतरी दोघांच्या पुढे गेला म्हणून त्याला रागावले. आबांनी विचारलं, पुढे जायला काय हरकत आहे. अक्का परत आल्या. मी पुन्हा सांगितलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी अक्का मधल्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी काय पोस्टमन शे का? तुम्हीच इचारा तिले."

आणि त्या जाऊन आडव्या झाल्या. माझ्या सासरच्या घरातली एक रीत अशी मोडली, कुणी ठरवून नाही, अक्कांचे गुडघे दुखत होते म्हणून.

मी उंबऱ्याच्या आत बसले, ते तिघे उंबऱ्याच्या बाहेर. आबा टीव्हीकडे बघत प्रश्न विचारत, मी जमिनीकडे बघत उत्तर देई. कॅमेरूनच्या एका खेळाडूला पंचाने लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. आबांनी विचारलं, याच्या जागी दुसरा कधी येणार. मी म्हटलं, येत नाही, आता दहाच जण. त्यांना हा फारच मोठा अन्याय वाटला. आणि मग त्या दहा जणांनी गोल केला. एक जण नुसता वर उडाला, इतका वर की उतरायचं विसरला असं वाटावं, डोक्याने चेंडू मारला आणि गोलकीपरच्या हातातून तो निसटून आत गेला. शेवटी आणखी एकाला बाहेर काढलं. नऊ उरले. नऊ जणांनी जगज्जेत्यांना हरवलं. आबा उभे राहिले होते आणि आपण उभे आहोत हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शाळेतून नकाशांचं पुस्तक मागवलं. ओट्यावर पाच-सहा म्हातारे जमले. त्यात शेजारचे नाना होते, सत्तरीचे, आबांचे लहानपणापासूनचे सोबती, गावातले सर्वांत जाड आणि सर्वांत हसरे. कॅमेरून कुठे आहे ते शोधायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ते आशियात शोधत होते. शेवटी मला बाहेर बोलावलं. मी आफ्रिकेच्या काखेत बोट ठेवलं. पुस्तकात खाली त्या देशाची पिकं दिली होती. नानांनी चष्मा सारखा करून वाचलं. कोको. कॉफी. मग थांबले, आणि आवाज बदलून पुढचं वाचलं. केळी. कापूस.

आमच्या गावात वरच्या अंगाला केळी, कोरडवाहूत कापूस, तिसरं काही नाही.

आबा म्हणाले, "केळी शे, कापूस शे. मंग हाऊ देस आपलाच शे."

तिथून पुढे गाव कॅमेरूनचं झालं. सगळ्या गावात मिळून टीव्ही चार, पण संध्याकाळी जो तो आमच्याच अंगणात, कारण समजावून सांगणारी आमच्याकडे होती. टीव्ही ओसरीच्या कडेला आणून ठेवत, मी उंबऱ्याच्या आत. काळ्यापांढऱ्या पडद्यावर दोन्ही संघ राखाडी दिसायचे, तेव्हा कोण कुठल्या बाजूचा हे मी चड्डी फिकी की गडद यावरून सांगे आणि सांगताना 'चड्डी' हा शब्द सासऱ्यांसमोर कसा म्हणायचा या विचाराने घामाघूम होई. शेवटी 'खालचा कपडा' असं ठरलं.

सामना नसेल त्या दिवशी गोष्टी. वडिलांच्या डायरीतलं सगळं मला तोंडपाठ होतं. पहिला वर्ल्डकप उरुग्वेत झाला तेव्हा युरोपातून चारच देश गेले, तेही बोटीने, दोन आठवडे समुद्रातून, आणि खेळाडू डेकवर पळून सराव करायचे. नाना म्हणाले, चेंडू समुद्रात पडला असेल तर. मी म्हटलं, ते डायरीत नव्हतं. इंग्लंडात स्पर्धेच्या आधी तो सोन्याचा कप चोरीला गेला आणि एका कुत्र्याने तो झुडपाखालून हुंगून काढला, ही गोष्ट त्यांनी माझ्याकडून तीनदा सांगवून घेतली. त्या कुत्र्याला बक्षीस काय मिळालं हे सगळ्यांना हवं होतं. मी सांगितलं, खूप खायला मिळालं, आणि सगळ्यांना ते योग्य वाटलं.

एकदा आबांनी विचारलं की आपला देश यात का नाही. मी म्हटलं, ब्राझीलच्या वर्ल्डकपला आपल्याला बोलावणं होतं, पण आपण गेलो नाही. लोक म्हणतात आपली माणसं अनवाणी खेळायची आणि बूट घातल्याशिवाय येऊ देईनात. पण माझे वडील म्हणतात ते खरं कारण नव्हे, लांबचा प्रवास होता आणि कुणाला त्या कपाचं महत्त्व कळलं नव्हतं. आबा म्हणाले, बोलावणं आल्यावर जायला हवं होतं. पुढचे दोन दिवस त्यांना ती गोष्ट लागून राहिली, जणू बोलावणं आमच्या घरी आलं होतं आणि कुणीतरी परस्पर नाही म्हणून सांगितलं होतं.

मग कोलंबियाशी सामना आला. साडेआठला सुरू झाला. अंगणात माणूस मावत नव्हतं, काही जण बैलगाडीवर उभे, नाना बाजल्यावर. बराच वेळ काहीच घडेना. दुसऱ्या अर्ध्यात कॅमेरूनने एक नवा खेळाडू आत पाठवला. बारीक मिशी, पुढच्या दातांत फट, आणि चालणं असं की बांधावरून शेताला चक्कर मारायला निघालाय. समालोचक हिंदीत त्याला वडीलधारा खेळाडू म्हणाला. अंगणात एकदम कुजबुज झाली. म्हातारा, म्हातारा. अहिराणीत डोकरा. डोकरा खेळायला आला.

आबांनी मान वळवली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "हाऊ कितला वरीसना शे?"

मला माहीत होतं. पेपरात आलं होतं, अडतीस. पण अंगणातले सगळे म्हातारे माझ्याकडे बघत होते. नाना बाजल्यावरून पुढे झुकले होते. त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मला अडतीस म्हणवेना.

"पन्नाशी ओलांडली असेल, आबा," मी म्हटलं.

सामना जादा वेळेत गेला. आणि मग त्या डोकऱ्याने दोन माणसांमधून वाट काढून डाव्या पायाने असा गोल मारला की बैलगाडीवरचे लोक खाली पडले. तो पळत मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेला, एक हात कमरेपाशी ठेवला आणि नाचू लागला. आमच्याकडे लग्नात वरबाप नाचतो तसा, बेतशीर, खांदे न हलवता. तीन-चार मिनिटांत कोलंबियाचा गोलकीपर, ज्याच्या डोक्यावर केसांचं मोठं टोपलं होतं, गोल सोडून चेंडू खेळवत पार पुढे आला. मी म्हणत होते, हा कुठे निघाला. डोकऱ्याने त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला, मोकळ्या गोलाकडे पळाला आणि दुसरा गोल. पुन्हा झेंडा, पुन्हा नाच. कोलंबियाने नंतर एक फेडला, त्याची कुणी दखल घेतली नाही. अंगणात नाना एकटेच नाचत होते, हात कमरेवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी जाहीर केलं की गावातले म्हातारे फुटबॉल खेळणार. पन्नाशीपुढचा माणूस तिकडे एवढं करू शकतो तर आपल्याला काय धाड भरलीय. आणि खेळणार कुणाशी, तर पोरांशी. पोरं म्हणजे त्यांची मुलं, तिशी-चाळिशीतले बाप्ये. सामना पुढच्या रविवारी. पेरण्या आटोपल्या होत्या, पावसाने उघडीप दिली होती, आठवडाभर हाताला काम नव्हतं. गाव त्या कल्पनेवर तुटून पडलं.

गोलचे खांब म्हणून केळीच्या घडांना आधार द्यायचे बांबू आले. जाळी तापीवरच्या एका भोई कुटुंबाने मासे धरायची दिली, एका अटीवर, की फाटली तर म्हाताऱ्यांनी नव्हे, पोरांनी शिवून द्यायची. चेंडू मात्र गावात नव्हता. मी वडिलांना पोस्टकार्ड टाकलं. शुक्रवारी भुसावळच्या बसच्या कंडक्टरने एक पिशवी आणून दिली. आत रेल्वे मैदानावरचा जुना, ठिगळं लावलेला चामडी चेंडू, पंप आणि आबांच्या नावे पत्र.

आबांनी ते पत्र ओट्यावर बसून वाचलं, आणि मला आतून बोलावलं. कागद माझ्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. वडिलांनी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं की कॅमेरूनच्या त्या अडतीस वर्षांच्या गड्याने काय बहार उडवली, नाही का.

मी म्हटलं, आबा, मी खोटं बोलले. अंगणात मोठे दीर, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे, पाठीला हात लावून कण्हत बादली उचलत होते. भाऊंचं वय बरोबर अडतीस. आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, मग पुन्हा भाऊंकडे. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं संतापले. ते हसत होते. कागदाची घडी करून त्यांनी ती टोपीत ठेवली आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "कोनले सांगू नको."

त्या घटकेपासून आम्ही दोघं एका गुपिताचे मालक. नाना कुणाला तरी सांगत असायचे की पन्नाशीत माणसाची खरी ताकद येते, आफ्रिकेत सिद्ध झालंय, आणि आबा माझ्याकडे बघून खोकायचे.

पंच कोण हा प्रश्न शनिवारपर्यंत कुणाच्या डोक्यात आला नव्हता. शाळेतल्या सरांना कबड्डी आणि खो-खो यायचं. त्यांनी शिट्टी दिली आणि अंग काढून घेतलं. ओट्यावर बैठक बसली. नियम येणारं माणूस गावात एकच आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते कुणी बोलत नव्हतं. सून भर मैदानात, शंभर पुरुषांत, शिट्टी घेऊन. आत जाऊबाई माझा हात दाबून उभ्या होत्या. तेव्हा अक्का तांदळाचं सूप हातात घेऊन ओट्यावर गेल्या आणि निवडता निवडता म्हणाल्या, "तीच जाई. दुसरं कोनले येस हाई?"

एवढं बोलून त्या आत आल्या. बैठक उठली.

रविवारी बाजारपट्ट्यावर, आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेत, सगळं गाव लोटलं. मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले, अक्कांनी मला ते नऊवारी कासोटा घालून नेसवलं, पळता यावं म्हणून, आणि पदर डोक्यावरून घेऊन पाठीमागे घट्ट खोचला. शिट्टी मंगळसूत्रासोबत गळ्यात. पहिली शिट्टी मी वाजवली ती नुसती हवा निघाली. दुसरी वाजली.

नऊ-नऊ जण, वीस-वीस मिनिटं. म्हातारे धोतर वर खोचून, टोप्या घालून, अनवाणी. नाना गोलकीपर. त्यांनी गोलमध्ये बाजलं टाकलं होतं, चेंडू लांब असेल तेव्हा टेकायला. मी ते काढायला लावलं. पलीकडे पोरांचे कप्तान भाऊ आणि त्यांचा गोलकीपर माझा नवरा.

पहिली पाच मिनिटं मला काय बिघडलंय तेच कळेना. पोरं चेंडू घेऊन जोरात जायची, समोर कुणाचा तरी बाप यायचा, की बाजूला सरकून उभी राहायची. बापाला धक्का मारायचा कसा. एकाने तर चुलत्याला पाय लागला म्हणून खाली वाकून पायाला हात लावून तो कपाळाला लावला आणि तेवढ्यात चुलता चेंडू घेऊन गेला. म्हाताऱ्यांच्या हे लगेच लक्षात आलं. मग ते पळायचेच बंद झाले. जागेवर उभे राहून नुसता हात पुढे करायचे आणि म्हणायचे, आण इकडे. आणि पोरं आणून देत.

असेच आबा माझ्या नवऱ्यासमोर आले. चेंडू त्याच्या हातात होता. आबांनी घरात पाण्याचा तांब्या मागतात त्या आवाजात म्हटलं, दे. त्याने दिला. आबांनी चेंडू खाली ठेवला आणि सावकाश आत ढकलला. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या.

मी शिट्टी वाजवली. एकदा, मग पुन्हा, जोरात. हळूहळू सगळे गप्प झाले. बाजारपट्ट्यावर एवढी माणसं आणि मला माझ्या बांगड्यांचा आवाज ऐकू येत होता.

"हा गोल धरता येणार नाही, आबा," मी म्हटलं. "वडीलकी चालणार नाही."

फुटबॉलच्या कुठल्याच पुस्तकात हा नियम नाही. तो मी त्या क्षणी केला. आबा माझ्याकडे बघत राहिले. गर्दीतून कुणीतरी म्हणालं की सुनेने सासऱ्याला बोलावं हे काही बरं नाही. आबांनी त्या दिशेला मान फिरवली.

"सुननी सांगं ना? मंग संपनं."

आणि स्वतः चेंडू उचलून माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. मग आपल्या माणसांकडे वळून सांगितलं की आता पळा. आणि पोरांकडे वळून सांगितलं की जो बापाला सोडेल त्याला घरी बघून घेईन. यालाही मी शिट्टी वाजवायला हवी होती, पण मला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर जो खेळ झाला तो खेळ कमी आणि आनंद जास्त होता. वर्षानुवर्षं एकमेकांसमोर मान वर न केलेले बाप आणि लेक एकमेकांच्या अंगावर आदळत होते. कुणाचं धोतर सुटलं, ते सावरायला खेळ थांबवला. पोरांनी दोन गोल केले. दुसरा नानांच्या पायांमधून गेला, आणि तो गेला कुठे हे बघायला ते खाली वाकले ते पटकन वर येईनात. माझ्या नवऱ्याने गोल सोडून पुढे येऊन आबांना खरोखरीचा अडसर घातला आणि आबा धूळ उडवत सपशेल पडले. बायकांच्या घोळक्यातून अक्कांचा श्वास मला एवढ्या लांबून ऐकू आला. नवरा पांढराफटक. मी धावले. आबा उताणे पडून आभाळाकडे बघत हसत होते, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. असं हसताना त्यांना त्यांच्या मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. भाऊ नंतर म्हणाले, मला वाटलं बापाच्या डोक्याला मार लागला.

मी म्हाताऱ्यांना फ्री किक दिली. ती मारायला कोण येतंय, तर नाना. आपला गोल मोकळा टाकून ते पूर्ण मैदान चालत आले, वाटेत दोघांशी बोलत. सगळं गाव थांबलं. त्यांनी धोतर सावरलं, डोळे मिटले आणि लाथ घातली. चेंडू भाऊंच्या पोटावर आदळला, तिथून वळला आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीमागून जाळीत गेला. मासे धरायचं जाळं फुगलं आणि चेंडू त्यात अडकून लोंबकळत राहिला.

सगळे म्हातारे कोपऱ्यात रोवलेल्या बांबूकडे धावले. नऊ जण, एक हात कमरेवर, खांदे न हलवता. कुणीतरी लग्नाचा ढोल आणला होता, तो वाजू लागला आणि मग पोरंही त्यात गेली. वेळ संपली तेव्हा मी शिट्टी वाजवली, पण कुणी ऐकली नाही. दोन-एक असे म्हातारे हरले होते. मी सांगायला गेले तर नाना म्हणाले, बरं.

सोमवारी गावात एकही म्हातारा अंथरुणातून उठला नाही. घरोघरी तेल गरम होत होतं. आबांना पडल्या पडल्याच भाऊंनी बातमी दिली की मध्यरात्रीनंतर, सगळं गाव दमून झोपलेलं असताना, कॅमेरून इंग्लंडकडून हरलं, पुढे होतं, पण इंग्लंडला दोन पेनल्टी मिळाल्या. आबांनी डोळे मिटून ऐकलं. मग मला बोलावून प्रत्येक पेनल्टी कशाबद्दल दिली ते विचारलं. मला रेडिओवर सांगितलं तेवढंच माहीत होतं. ते म्हणाले, तू पंच असतीस तर दिली असतीस का. मी म्हटलं, पाहिल्याशिवाय कसं सांगू. हे उत्तर त्यांना आवडलं असावं, कारण त्यांनी पाय चेपणाऱ्या भाऊंना ते पुन्हा म्हणून दाखवलं.

चार वर्षांनी अमेरिकेतल्या वर्ल्डकपला तो डोकरा पुन्हा आला आणि त्याने पुन्हा एक गोल केला. तोवर आमच्याकडे रंगीत टीव्ही आला होता आणि कॅमेरूनचा हिरवा रंग आम्ही पहिल्यांदा पाहिला. आबा म्हणाले, केळीच्या पानाचाच आहे.

पण त्या नव्वद सालातली एक गोष्ट सांगायची राहिली. सामन्यानंतर पंधरा-एक दिवसांनी, दुपारी, पुरुष सगळे चोपड्याला खतं आणायला गेले होते. मी आणि जाऊबाई शेंगा फोडत बसलो होतो. अक्का आल्या, पुढचं दार त्यांनी आतून लावून घेतलं, कडी घातली, आणि मला म्हणाल्या की तो चेंडू परसात आण. मी आणला. त्यांनी तो पायाने थोडा इकडेतिकडे करून पाहिला. म्हणाल्या की एवढी सगळी माणसं त्याच्यापायी एवढी वेडी होतात, तर लाथ मारल्यावर पायाला वाटतं तरी काय, ते बघायचंय.

मी चेंडू मधोमध ठेवला. पाय कसा वळवायचा ते दाखवलं. अक्का चार पावलं मागे गेल्या, लुगडं घोट्यावर उचललं आणि दुखऱ्या गुडघ्याने धावत आल्या. ठप्प असा आवाज झाला. चेंडू तुळशीवरून, न्हाणीच्या भिंतीवरून गेला आणि गोठ्यात म्हशीच्या गव्हाणीत पडला. म्हशीने तो हुंगला आणि तोंड फिरवलं. अक्का पायाकडे बघत उभ्या होत्या. 

त्या वळल्या. सगळा चेहरा उजळला होता. चेंडू आण, म्हणाल्या, अजून एकदा मारते. मी गोठ्याकडे पळाले, पण जाऊबाई पदर कमरेला खोचून माझ्याही पुढे पळाल्या होत्या, आणि पळता पळता ओरडून सांगत होत्या की आता माझी पाळी.